थांबमायचं माहेर

खोली दाखवायच्या आधी घरमालक काकांनी मला पोर्च दाखवला.

"सर, हे नीट बघून घ्या," ते म्हणाले. मी बघितलं. घरापुढं शहाबादी फरशी, वर पत्रा, दोन बाजूंना खांब, असा ऐसपैस पोर्च. धुऊन पुसून लख्ख केलेला. आत काहीच नव्हतं. फरशीवर पांढऱ्या खडूनं एका मोटारीची आकृती आखलेली, तिच्या चारी कोपऱ्यांना रांगोळीचे ठिपके, आणि मधोमध एक तांबडं कुत्रं गाढ झोपलेलं.

"वा! माझी मोटारसायकल इथं मस्त राहील," मी म्हणालो.

देव्हाऱ्यात चपला ठेवू का, असं मी विचारल्यासारखा काकांचा चेहरा झाला.

"भाड्याचं मागून बोलू. आधी एक सांगतो, फटफटी भाईर लिंबाखाली लावायची. ही जागा रिकामी न्हाई. तिची हाय."

"कुणाची?"

"गाडीची."

"मग गाडी कुठंय?"

"तेच तर हुडकायलोय."

"अन् हे कुत्रं?"

"ते?" काकांनी माझ्याकडं कीव करत बघितलं. "ते गाडीखाली झोपलंय."

मी तेव्हा जिंतूरला ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायला नुकताच लागलो होतो. रिकाम्या जागेला भरलेली म्हणणाऱ्या माणसाच्या घरात गणितवाल्यानं राहूच नये, हे मला त्या क्षणीच कळलं होतं. पण खोली हवेशीर होती, नळाला पाणी होतं आणि दुसरी कुठं मिळत नव्हती. राहिलो. माझी मोटारसायकल लिंबाखाली राहिली. त्या लिंबावर गावातले समदे बगळे मुक्कामाला असायचे. रोज सकाळी मी सीट पुसताना मनातल्या मनात काकांचा उद्धार करायचो आणि काका पोर्चात बसून शांतपणे खडूची रेघ गिरवायचे.

काका शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंग मास्तर. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "एक गेली ती परत येईना, दुसरी कुठं आणू?" नवख्या माणसाला वाटायचं, बिचाऱ्याची बायको गेली. तो हळहळायचा. मग काका त्याला सांगायचे की ती अँबॅसिडर होती, सायीच्या रंगाची, आणि तिच्या उजव्या दिव्याखाली पोचा होता.

गाडी काकांच्या वडलांची. ते कापसाचे अडते. काका शिकायला बाहेरगावी असताना एक दिवस त्यांनी ती येलदरीकडं कंत्राटं घेणाऱ्या एका गुत्तेदाराला विकून टाकली. का विकली, ते शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. काका सुट्टीला घरी आले तर पोर्च मोकळा. पुढं तो गुत्तेदारही पत्ता न ठेवता परमुलखात निघून गेला. काका म्हणायचे, "बाप गेला तवा मी रडलो न्हाई सर. त्या दिवशी पोटभर रडून घेतलं होतं." असलं वाक्य ते भर चौकात, पानाच्या टपरीवर, कुणाही समोर बोलायचे. लोकही मान डोलवायचे. जिंतूरच्या लोकांची सहनशक्ती मोठी आहे.

गंमत म्हणजे काकांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. वडील म्हणाले होते, आधी धुवायला शीक, मग चालवायला शिकवतो. काका धुवायला शिकले तोवर गाडी गेली. पण कान मात्र तयार झाले. बोलता बोलता रस्त्यावरून काही गेलं की बोट वर करायचे. आपण गप्प. काका ऐकायचे, मान हलवायचे, "न्हाई. डिझेल हाय," आणि बोलणं जिथं तुटलं तिथून पुढं चालू. माणसांनासुद्धा त्यांनी गाडीचेच गुणदोष लावले होते. आमच्या प्राचार्यांबद्दल म्हणायचे, "त्यांचा क्लच घासलाय." मला एकदा म्हणाले, "सर, तुमी माणूस लय चांगले हात, पण कायम न्यूट्रलमधी ऱ्हाता." त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण ते खरं होतं.

आता कुणी म्हणेल, गाडी गेली तर गेली, एवढं काय घेऊन बसायचं? मीही म्हणालो होतो. तेव्हा काका मला आत घेऊन गेले आणि आईपुढं बसवलं. "आई, सरांना झरीचं सांग."

आजींनी ऐंशी ओलांडली होती. अंगानं पाप्याचं पितर, पण आवाज खणखणीत. झरी त्यांचं माहेर. जिंतुराहून परभणीला जाताना वाटेत लागतं, लांब नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला नवरा त्यांना बैलगाडीतून माहेरी घेऊन गेला. धाकटा भाऊ तेव्हा मिसरूड फुटलेला, जिभेला हाड नसलेला. भरल्या अंगणात, पाहुण्यांसमोर तो म्हणाला, "अक्का, दिवाळीला निघालीस अन् शिमग्याला पोचलीस की गं!" सगळे हसले. जावई हसले नाहीत. त्यांनी चार वर्षं जिवाचं रान केलं आणि पाचव्या दिवाळीला अँबॅसिडर थेट मेव्हण्याच्या दारात नेऊन हॉर्न दाबून धरला.

"त्यो हॉर्न," आजी डोळे मिटून म्हणाल्या, "अख्ख्या झरीनं ऐकला सर."

पुढं गाडी विकली आणि आजींनी सांगून टाकलं, "आता झरीत पाय ठेवीन तर त्याच गाडीतून उतरून. न्हाई तर न्हाई." वाटलं होतं, राग आहे, निवळेल. निवळला नाही. भाऊही त्यांचाच भाऊ. त्यानं उलट निरोप धाडला, "तिला गाडीचा मान मोठा का भाऊ मोठा, ते तिनं ठरवावं." झालं. दोघांच्या नाकावर माशी बसेना. तेव्हापासून भाऊबीजेला झरीहून लुगडं यायचं ते एसटीच्या कंडक्टरच्या हातानं, आणि इथून करंज्यांचा डबा जायचा तोही त्याच्याच हातानं. कंडक्टर बदलले, रिटायर झाले, लुगडं आणि डबा चालूच. खुद्द आजी परभणीला दवाखान्यात जायला एसटीत बसल्या, की झरीचा थांबा येण्याआधी पदर तोंडावर ओढून घ्यायच्या आणि गाव मागं गेल्यावरच काढायच्या.

"आता मामाचं कंबरडं मोडलंय, अंथरुणावर हाय," काकांनी मला बाहेर आल्यावर सांगितलं. "त्यो येऊ शकत न्हाई, ही जायना. दोन्ही पिकली पानं सर. कोणतं आधी गळंल सांगता येत न्हाई. अन् मला गाडी सापडंना."

त्यानंतर मी काकांना हसणं कमी केलं. बंद केलं असं म्हणणार नाही, कारण त्यांनी तशी सोयच ठेवली नव्हती.

उदाहरणार्थ ती जाहिरात. काकांनी स्वतःच्या हातानं गाडीचं सुंदर चित्र काढलं आणि खाली वळणदार अक्षरात लिहिलं: 'हरवली आहे. रंग सायीसारखा. बांधा मजबूत. उजव्या दिव्याखाली पोचा. दार लावताना दोन-तीनदा आपटावं लागतं. जिथं असशील तिथून घरी ये. आई वाट पाहते. कुणी रागावणार नाही.' त्याच्या झेरॉक्स काढून बसस्टँडवर, बाजारात, दवाखान्याच्या भिंतीवर चिकटवल्या. दोन दिवसांनी ठाण्यातून बोलावणं आलं. हवालदारानं विचारलं, "हरवलेल्याचं तुमच्याशी नातं काय?" काका म्हणाले, "थोरली बहीण." मला ठाण्यात जाऊन त्यांना सोडवून आणावं लागलं. कोंडलं नव्हतं, उलट हवालदारच त्यांना 'आता घरी जा' म्हणून हात जोडत होता आणि काका त्याला चित्रातला बंपर समजावून सांगत होते.

मी एकदा डोकं लढवलं. परभणीत एका लग्नाच्या गाड्यांवाल्याकडं जुनी अँबॅसिडर होती. तिला सायीचा रंग देऊन आणली. आजींना म्हणालो, "चला आजी, सापडली!" काकांना मी विश्वासात घेतलं होतं, ते कोपऱ्यात चोरासारखे उभे. आजी बाहेर आल्या, मागच्या सीटवर बसल्या, दार ओढलं. दार एका दमात लागलं. आजींनी ते पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. पुन्हा लागलं. मग खाली उतरून पदर सारखा करत म्हणाल्या, "लय तमीजदार दार हाय. ज्याची असंल त्याला देऊन या." आणि आत निघून गेल्या. त्या दिवशी काकांनी मला जेवायला वाढलं, पण माझ्याशी बोलले नाहीत. जणू बनवाबनवी मी एकट्यानं केली होती!

काकांचा खरा हंगाम दसरा. त्याचं शास्त्र त्यांनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं. "सर, दसऱ्याला बाईचं सोनं अन् माणसाची मोटार घरात लपून ऱ्हात न्हाई. चालू असो का बंद, चाकं असो का नसो, त्या दिवशी माणूस तिला धुतो, हळद-कुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो. गोठ्यात पडलेली मोटार बी त्या दिवशी उजेडात येती. बारा महिने हुडकण्यापेक्षा एक दिवस हुडकावं." मला बोलणं पटलं. पटलं म्हणूनच फसलो. त्यानंतर दर दसऱ्याला मी मोटारसायकल चालवतोय, मागं काका, त्यांच्या गळ्यात चित्रांची पिशवी, आणि येलदरीच्या अंगाची एकेक गावं आम्ही पालथी घालतोय. लोकांनी ट्रॅक्टर, जीप, खटारा टेम्पो, सगळं धुऊन अंगणात मांडलेलं असायचं. पण आम्ही दोघं दिसलो, माझा इन केलेला शर्ट आणि काकांची पिशवी दिसली, की बँकेची वसुली आली असं वाटून अर्ध्या गावातले ट्रॅक्टर हार घातलेल्या अवस्थेत मागच्या गल्लीनं पसार व्हायचे. कळलं की मग हसायचे, सोनं म्हणून आपट्याची पानं द्यायचे आणि पुरणपोळीला बसवायचे. मी दिवसाकाठी किती घरी जेवायचो ते पोटालाच माहीत. काका प्रत्येक ठिकाणी तेच विचारायचे, "गावात कुठं जुनी मोटार हाय का, सायीच्या रंगाची?" आणि उत्तर यायचं, "न्हाई बा. मोटार न्हाई."

या मोहिमेचा एक नेम होता. येलदरीच्या रस्त्याला, एका ओढ्याच्या अलीकडं, थांबमायचं ठाणं आहे. विटांची खोली, पुढच्या भिंतीत कोनाडा, कोनाड्यात शेंदराचं मोठं गोल तोंड, त्यावर चांदीचे डोळे. त्या रस्त्यावरचं कुठलंही वाहन तिथं क्षणभर थांबतंच. आम्हीही थांबायचो. काका नारळ फोडायचे आणि मोठ्यानं सांगायचे, "माय, एवढी गाडी सापडू दे. पाच नारळ फोडीन, लुगडं नेसवीन." तिथले गुरवमामा अंगारा लावायचे आणि दर वर्षी मायची कथा सांगायचे. "माय जिंतूरच्या अंगानं आली. संगं वऱ्हाड होतं. इथं आली अन् थांबली. दहा-पंधरा गड्यांनी लावला जोर, पण माय जागची हलली न्हाई. अन् घटकाभरानं पुढं ओढ्याला असा लोंढा आला म्हणता! माय थांबली म्हणून वऱ्हाड वाचलं." काका दर वर्षी तितकेच गहिवरायचे आणि दस्तीनं डोळे पुसायचे. मीही हात जोडायचो. दहा-पंधरा गडी कशाला जोर लावत होते, हे गणिताच्या मास्तरला एकदाही विचारावंसं वाटलं नाही.

मग तो दसरा आला. आम्ही ठाण्यापाशी पोचलो तर ही गर्दी. गुरवमामा कपाळाला हात लावून पायरीवर बसलेले. "मायनं पहाटं खोळ टाकली," ते म्हणाले. वर्षानुवर्षं शेंदराचे थरावर थर चढले, की एक दिवस ते कवच आपल्या वजनानं निखळून पडतं. आमच्याकडं हे ऐकलेलं असतं, पण बघायला मिळतं एखाद्यालाच. लोक म्हणत होते शुभ आहे, कुणी म्हणत होतं कोप आहे. काका नारळ घेऊन पुढं झाले. कोनाड्यासमोर उभे राहिले. आणि उभेच राहिले.

मी खांद्यावरून बघितलं. शेंदराखालून काच आली होती. गोल, जाड काच, भोवती पितळेसारखं चमकणारं कडं. खाली लोखंडाची कड, तिला थोडा सायीचा रंग. आणि तिथं, दिव्याच्या बरोबर खाली, एक पोचा.

काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग पोच्यात अंगठा ठेवला. अंगठा बरोबर बसला.

"ह्यो माझा हाय," ते म्हणाले. "धुताना बादली लागली होती. बाबानं कान पिळला होता." आणि एवढा साठीतला माणूस कोनाड्याला डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागला. लोकांना वाटलं अंगात आलं. दोघी-तिघींनी कुंकू लावलं.

काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात. आम्ही तर कळशालाच नारळ फोडून कळसा मागत होतो.

गुरवमामांना मी सगळं समजावलं. त्यांना तिळमात्र आश्चर्य वाटलं नाही. "हां, मोटारच होती की ती आधी. जुन्या माणसांना समद्यांना ठावं हाय. गुत्तेदारानं वरातीला दिलती, मग परत मागितलीच न्हाई. म्हणाला, जिनं वऱ्हाड वाचवलं तिला घरी कशी नेऊ."

"अहो मग एवढी वर्षं आम्ही विचारतोय, तेव्हा सांगायचं नाही का?" माझा आवाज चढला.

"सर," गुरवमामा शांतपणे म्हणाले, "तुमी मोटार विचारत होता. माय कवा विचारली?"

त्यांनी मागचं दार उघडून दाखवलं. आत अंधारात अख्खी अँबॅसिडर उभी होती, टपापासून खालपर्यंत लोकांनी नेसवलेल्या लुगड्यांत गुंडाळलेली. काकांनी सगळ्यांदेखत सदरा वर केला. करदोड्याला गाडीची दुसरी किल्ली बांधलेली होती. इतकी वर्षं ती तिथं होती हे मला घरात राहूनही माहीत नव्हतं. समईतलं तेल सोडलं, किल्ली घातली, थोडी कुरकुर झाली आणि दाराचं कुलूप उघडलं. गुरवमामांनी आधी मायला हात जोडले आणि मग काकांना.

पण द्यायचं म्हटल्यावर गाव एका सुरात म्हणालं, न्हाई. देव कुणी घरी नेतं का? भांडण नाही, आवाज नाही. उलट आम्हाला जेवायला वाढलं. परतताना काका मागं बसले होते. वाटेत एक गाडी हॉर्न वाजवत गेली. काकांनी बोट वर केलं नाही.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. "देव झाली म्हणतोस?"

"हो आई."

"बरं. उद्या मला न्या. मी बोलते तिच्या सासरच्यांशी."

दुसऱ्या दिवशी आजी रिक्षातून ठाण्यावर गेल्या. खण-नारळानं मायची ओटी भरली, पायरीवर ऐसपैस बसल्या आणि गुरवमामांना समोर बसवलं. बायका जमल्या होत्या, पुरुष मागं उभे.

"काय वो मामा, हिला माय म्हणता न्हव?"

"व्हय की."

"लेकीसुना ओटी भरत्यात?"

"भरत्यात."

"कुठून आली म्हणता?"

"जिंतूरच्या अंगानं."

"मंजी हिचं माहेर जिंतूर. माझ्या दारातून गेलेली लेक हाय ही." आजींनी पदर खोचला. "मग मला सांगा, इतक्या वर्सांत एकदा तरी माहेरी धाडली का हिला? पंचमीला न्हाई, दिवाळीला न्हाई, आषाढात न्हाई. नुस्तं शेंदूर फासून उभं केलंय दारात. ह्याला सासर म्हणायचं व्हय?"

देवाबद्दल गुरवमामांना काहीही विचारा, उत्तर तयार असायचं. हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. तेवढ्यात मागून एक सून म्हणाली, "खरंय माय तुमचं. मला बी दोन वर्सं झाली धाडलं न्हाई." तिच्या सासूनं डोळे वटारले. पण दुसरी बोलली, तिसरी बोलली, आणि मग मामला मायचा उरलाच नाही, गावातल्या समद्या सुनांचा झाला. पुरुष मंडळी एकमेकांकडं बघू लागली. असल्या वेळी पुरुष जे करतात तेच त्यांनी केलं. तंबाखू काढली.

"पण परत धाडाल न्हव?" गुरवमामांनी शेवटी विचारलं.

"माहेरी आलेली लेक परत जातीच मामा," आजी म्हणाल्या. "भाऊबीज झाली की ओटी भरून धाडते."

दिवाळीच्या आधी मागची भिंत काढली आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून थांबमाय माहेरी आली. काकांनी पोर्च तीनदा धुतला. गाडी खडूच्या रेघेवर तंतोतंत बसली. ड्रॉइंग मास्तर तो ड्रॉइंग मास्तर. फक्त कुत्र्याला ते पटलं नाही. इतकी वर्षं गाडी नसताना गाडीखाली झोपणारं ते कुत्रं खरी गाडी आल्याबरोबर उठलं आणि माझ्या मोटारसायकलीखाली जाऊन बसलं. अख्खं जिंतूर दर्शनाला लोटलं. नारळ इतके फुटले की मी पंधरा दिवस खोबऱ्याची चटणी खात होतो.

भाऊबीजेला झरी. गाडी पुन्हा ट्रॉलीवर, गाडीत मागच्या सीटवर आजी, नवं लुगडं, हातात ओवाळणीचं ताट. दार त्यांनी स्वतः लावलं. पहिल्यांदा लागलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा धाडकन लागलं आणि आजी माझ्याकडं बघून म्हणाल्या, "हं, आता बोला." काका स्टिअरिंगवर. ओढत होता ट्रॅक्टर, पण प्रत्येक वळणावर काका खिडकीतून हात काढून दाखवत होते. मी पुढं मोटारसायकलवर, रस्ता मोकळा करत. बोरीत लोकांनी थांबवून पूजा केली. झरीचा फाटा आला तेव्हा मी मागं वळून बघितलं. आजींचा पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता.

झरीच्या मामांना खुर्चीसकट अंगणात आणून बसवलं होतं. हॉर्न केव्हाच मेला होता. पण दारात ट्रॅक्टर थांबला आणि काकांनी खिडकीतून तोंड काढून, गळ्याच्या शिरा ताणून, तोच हॉर्न तोंडानं वाजवला. किती वेळ वाजवला! मुलं हसायला लागली. मामा हसले नाहीत. शेंदूर बघून त्यांनी आधी गाडीला हात जोडले. मग ट्रॉलीवरून चौघांनी हात देऊन आजींना खाली उतरवलं.

"अक्का," मामा म्हणाले, "बैलगाडीत आली असतीस तरी बी चाललं असतं की गं."

"मग हे इतक्या वर्सांत तोंडातून कामून निघालं न्हाई, मेल्या?"

"मी तुझाच भाऊ हाय की."

आजींनी ताट मला धरायला दिलं आणि दोन्ही हातांनी मामांचं तोंड धरलं. त्यानंतरचं मला नीट दिसलं नाही. काका म्हणतात, त्यांनाही नाही.

थांबमाय ओटी भरून सासरी परत गेली. आजी मात्र आठ दिवस झरीत राहिल्या आणि एक दिवस दुपारी जिंतूर स्टँडवर एसटीतून एकट्या उतरल्या, काखेत गाठोडं. काका चक्रावले.

"आई, एसटीनं?"

"मग? फुकट हाय की मला."

"अगं, मग आधी का न्हाई..."

"आधी कशी जाणार रे एसटीनं? गाडी कुठं सापडली होती?" असं म्हणून त्या चालायला लागल्या. काकांनी माझ्याकडं बघितलं. मी गणिताचा माणूस, मी हात टेकले. त्यानंतर आजी महिन्यातून दोनदा एसटीनं झरीला जाऊ लागल्या. मामा उन्हाळ्यात गेले, तेव्हा आजी तिथंच उशाशी होत्या.

मामांचे दिवस झाल्यावर एका सकाळी मी लिंबाखाली सीट पुसत होतो. काका पोर्च धूत होते. त्यांनी बादली खाली ठेवली.

"वेळेत पोचलो सर आपण."

"पोचलो काका."

रिकाम्या फरशीवरचं पाणी त्यांनी खराट्यानं लोटलं. मग म्हणाले, "तुमची फटफटी घ्या आत. तिथं बगळे लय घाण करायलेत."

इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते असं अवचित आलं. मी मोटारसायकल ढकलत पोर्चात नेली आणि मधोमध उभी केली. कुत्रं मागोमाग आलं. काका दोन पावलं मागं सरले, एक डोळा मिटून त्यांनी अंदाज घेतला, खडू उचलला.

"जराशीक डावीकडं घ्या सर. अजून थोडी. हां. दिवाळीला ती माहेरी येणार, आईला दार उघडायला जागा पायजे."